पाय दाबण्याआधी पाय पाहा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

रिफ्लेक्सॉलॉजी (तळपायावर अवयवांचे बिंदू मानून ते दाबण्याची पद्धत) आणि चिनी वैद्यक यांची सांगड घातली तर तब्येतीला दुहेरी फायदा होतो, असा लेख गेल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत वाचला. सोबत तळपायाचा रंगीत नकाशाही होता. लेख मला आवडला. मी ३१ वर्षे सरकारी रुग्णालयात परिचारिका होते, त्यातली बरीचशी सर्जरी वॉर्डात गेली. निवृत्त झाल्यावर रीतसर वर्गाला जाऊन दाबबिंदू शिकले. आता आठवड्यातून दोन संध्याकाळी शेजारपाजारच्या बायकांचे, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पाय दाबून देते. पैसे घेत नाही. तेव्हा ही सांगड उपयोगाची आहे, हे मी अनुभवाने सांगते. पण त्या नकाशाशेजारी एक गोष्ट छापायची राहून गेली. तीच गोष्ट कोणी न सांगितल्यामुळे आमच्या घरातल्या माणसाचा पाय जायची वेळ आली होती, म्हणून हे पत्र.

माझे थोरले दीर ६८ वर्षांचे. मधुमेहाला चौदा वर्षे झालेली. दोन वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत ते एका प्रदर्शनाला गेले होते. तिथे एका स्टॉलवर चायनीज फूट थेरपीचा फलक होता. त्यांना खुर्चीत बसवले आणि एका मुलाने लाकडी जिमी, म्हणजे बिंदू दाबायची कांडी, घेऊन तळवा दाबायला सुरुवात केली. स्वादुपिंडाच्या बिंदूवर आल्यावर त्याने विचारले, "काका, दुखतंय का?" भाऊजी म्हणाले, "छे, काहीच नाही." त्याने आणखी जोर लावला, पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर. शेवटी तो म्हणाला, "दुखत नाही म्हणजे तुमची शुगर कंट्रोलमध्ये आहे." भाऊजी खुशीत घरी आले आणि जाऊबाईंना म्हणाले, बघ, गोळ्या आता कमी करायला हरकत नाही.

चौथ्या दिवशी जाऊबाई चादर धुवायला काढत होत्या, तर पायथ्याशी पिवळट डाग. त्यांचा फोन आला, "अगं, ह्यांच्या पायाखाली काय झालंय ते येऊन बघ बाई." मी गेले, पाय मांडीवर घेतला. चवडा संपून खळगा सुरू होतो तिथे रुपयाएवढा फोड फुटलेला. कडेची कातडी पांढरी, फुगलेली. आत ओल, आणि थोडा वास. मी गॉजने कडा पुसत होते आणि भाऊजी पेपर वाचत होते. मी काय करते आहे हे त्यांना कळतच नव्हते. सात आठवडे ड्रेसिंग चालले, त्यातले पहिले पंधरा दिवस अँटिबायोटिक्स. पाय वाचला. वॉर्डात असताना याहून लहान जखमेपायी गुडघ्याखाली पाय काढावा लागलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यामुळे ते सात आठवडे मला झोप नव्हती.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला शिकवले होते तेच तो करत होता. जो बिंदू दुखेल त्या अवयवात बिघाड, जो दुखणार नाही तो अवयव ठणठणीत, हा रिफ्लेक्सॉलॉजीचा बाळबोध नियम आहे. पण जुन्या मधुमेहात पुष्कळांच्या पायाच्या नसा हळूहळू मरतात. तशा पायाला खिळा टोचलेला कळत नाही, गरम पाण्याने भाजलेले कळत नाही. नकाशावरचा एकही बिंदू तिथे दुखणार नाही. म्हणजे सगळ्यात आजारी पाय या नियमाने सगळ्यात निरोगी ठरतो! आपल्याकडे आज घराआड एक मधुमेही आहे. पाय दाबून घ्यायला येणाऱ्यांत त्यांचीच संख्या मोठी, कारण पायात मुंग्या आणि आग त्यांनाच जास्त होते.

आता सांगडीबद्दल. आपल्या लेखात रिफ्लेक्सॉलॉजी ही चिनी वैद्यकाचीच हजारो वर्षांची शाखा असल्यासारखे लिहिले आहे. ते तसे नाही. आज भिंतीवर टांगतात तो नकाशा अमेरिकेतला आहे. विल्यम फिट्झजेराल्ड नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरने शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे कल्पिले आणि १९१७ साली ते पुस्तकात मांडले. पुढे १९३०च्या दशकात युनिस इंगहॅम या फिजिओथेरपिस्ट बाईंनी शेकडो तळवे दाबून पाहत त्या पट्ट्यांवर एकेक अवयव बसवला. ही मांडणी आशियात रुजली त्याची कथा मला फार आवडते. तैवानमध्ये जोसेफ युगस्टर नावाचे स्विस धर्मगुरू होते. सांधेदुखीने ते हैराण झाले होते. एका स्विस परिचारिकेचे पुस्तक त्यांच्या हाती पडले, ते वाचून त्यांनी स्वतःचे पाय दाबले, बरे वाटले, मग गावकऱ्यांचे दाबू लागले. तिथून ही लाट पसरली आणि चिनी मसाजवाल्यांनी ती आपली केली.

चिनी पद्धत वेगळ्या वाटेने जाते. तिच्यात तळव्यावर अवयवांची चित्रे नाहीत. अंगभर प्राणशक्तीच्या मानलेल्या वाहिन्या आणि त्यांवर ३६१ बिंदू. त्यांपैकी सहा वाहिन्या पायात सुरू होतात किंवा संपतात: यकृताची आणि प्लीहेची अंगठ्यापाशी, जठराची दुसऱ्या बोटाला, पित्ताशयाची चौथ्याला, मूत्राशयाची करंगळीला. मूत्रपिंडाची एकटीच तळव्यातून निघते, आणि तो बिंदू म्हणजे योंगछुआन, उसळता झरा. बोटे आत वळवली की चवड्याखाली जी खळी पडते, ती त्याची जागा. गंमत अशी की इंगहॅमबाईंच्या नकाशातही पोटामागचे मज्जाजाळ, अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी, मूत्रपिंड हे सगळे याच खळीच्या आसपास येते. दोन वेगळ्या वाटांनी आलेली माणसे एकाच खळीपाशी भेटली, याचे मला अप्रूप वाटते. सांगड घालायची तर इथून घालावी.

माझी पद्धत साधी आहे. आधी कोमट पाण्यात पाय, आणि पाणी मी माझ्या कोपराने पाहते, त्यांच्या पायाने नाही. मग पाय पुसून बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. तिळाचे तेल लावून अंगठ्याने टाचेपासून वर सरकत सगळा तळवा, हे झाले रिफ्लेक्सॉलॉजीचे काम. त्यानंतर मोजके चिनी बिंदू: तळव्यातला उसळता झरा, आतल्या घोट्याच्या वर चार बोटे सान्यिन्जियाव, गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला चार बोटे त्सुसानली, आणि मळमळ असेल तर मनगटाच्या रेघेपासून तीन बोटे वर, दोन शिरांच्या मध्ये नेईग्वान. ही बोटे ज्याचा पाय त्याचीच मोजायची, माझी नाहीत. चिनी लोक या मापाला त्सुन म्हणतात, आपल्या वैद्यांचे अंगुळाचे मापही असेच ज्याच्या त्याच्या बोटावरून घेतात. शेजारच्या एका आजींना रात्री दोन-दोनदा उठून बसायची सवय झाली होती. झोपायच्या आधी दहा मिनिटे काशाच्या वाटीने तळवे घासून दोन्ही पायांचा झरा दाबला की त्या आता पहाटेपर्यंत झोपतात. त्यांची सून मला सांगते, "काकू, तुम्ही आलात त्या रात्री आम्हीही झोपतो."

यातले किती सिद्ध झाले आहे, तेही सांगायला हवे. नेईग्वानचा शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर उपयोग होतो, हे पुष्कळ चाचण्यांतून दिसले आहे. पाय दाबल्याने मन शांत होते, झोप लागते, दुखण्याची धार कमी होते, हेही पुष्कळांना जाणवते. पण तळव्यावरचा ठिपका दाबून मूत्रपिंडाचा आजार बरा होतो किंवा साखर उतरते याला भक्कम पुरावा नाही. मी कोणाचीही गोळी बंद करायला सांगत नाही. कोणी स्वतःहून बंद केली असेल, तर त्यांच्या डॉक्टरांना कळवल्याशिवाय त्यांच्या पायाला हात लावत नाही.

काशाच्या वाटीवरून आठवले. हल्ली गावोगाव काशाच्या थाळीची मशीन आली आहेत. पाय फिरत्या थाळीवर ठेवायचा आणि तळवा काळा झाला की सांगायचे, बघा, एवढी उष्णता आणि विषारी द्रव्ये बाहेर पडली. कासे म्हणजे तांबे आणि कथील. तेला-तुपाबरोबर ते घासले की काळे होणारच. निर्जीव लाकडाला तेल लावून थाळीवर धरा, तेही काळे होईल. थाळीने पायाला आराम मिळतो, तो खराच आहे. काळा रंग दाखवून माणसाला घाबरवू नये, एवढेच म्हणणे आहे.

लेखात शेवटी चिनी जडीबुटीचे चहा आणि गोळ्याही जोडीने घ्या असे सुचवले होते. तिथे मात्र मी हात जोडून थांबा म्हणेन. १९९०च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन उतरवण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या शंभरावर बायकांची मूत्रपिंडे बिघडली, त्यांतल्या अनेकींची पुरती निकामी झाली. एका मुळीच्या जागी नामसाधर्म्यामुळे दुसरी, ॲरिस्टोलोकिया जातीची विषारी मुळी पडली होती. चिनी औषधांत मोठी ताकद आहे. चिनी शास्त्रज्ञ थू यूयू यांनी चिंगहाव या चिनी वनस्पतीतून मलेरियावरचे औषध शोधले आणि २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले. पण तेच पाहा, त्यांनी द्रव्य वेगळे काढले, तपासले, मात्रा ठरवली. डब्यावरची अक्षरेही आपल्याला वाचता येत नसतील, तर त्या गोळ्या पोटात घालू नयेत. बाहेरून दाबणे आणि आत औषध घेणे यांना एका ओळीत बसवू नका, ही कळकळीची विनंती.

मी सोलापूरची. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे गाव हे. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत ते होते आणि १९४२ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. नागपूरचे डॉ. चोळकरही त्या पथकात होते. कोटणीस शल्यचिकित्सक. सुयांची विद्या, म्हणजे ॲक्युपंक्चर, भारतात आणली ती त्यांचे सोबती डॉ. विजयकुमार बसू यांनी, १९५९ साली कोलकात्यात. चिनी वैद्यकाशी आपले नाते असे माणसांच्या जिवावर जोडले गेले आहे, म्हणून ते प्रदर्शनातल्या स्टॉलवर स्वस्त झालेले पाहिले की मला वाईट वाटते. महाराष्ट्राने २०१५चा कायदा करून ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धतीचे स्थान दिले, केंद्रानेही २०१९ मध्ये मान्यता दिली. सुई टोचणाऱ्याला आता नोंदणी विचारता येते. रिफ्लेक्सॉलॉजीला तशी मान्यता नाही, त्यामुळे जिमी घेऊन बसलेल्याला कोणी काही विचारत नाही. शासनाने निदान एवढे करावे, की पैसे घेऊन पाय दाबणाऱ्या प्रत्येकाने समोरच्याला मधुमेह आहे का, पोटरी एकाच बाजूने सुजून गरम झाली आहे का आणि बाई असेल तर ती गरोदर आहे का, हे तीन प्रश्न आधी विचारणे बंधनकारक करावे. सुजलेल्या गरम पोटरीत रक्ताची गुठळी असू शकते, ती चोळली तर जिवावर बेतते. सान्यिन्जियाव गरोदरपणी दाबू नये असे चिनी वैद्यही सांगत आले आहेत.

वॉर्डात आम्ही दहा ग्रॅमच्या वजनाला वाकणारा नायलॉनचा दोरा टेकवून पायाची संवेदना तपासायचो. घरी दोरा नसला तरी चालते. माणसाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद नुसता स्पर्श करा, दाबू नका. सहांपैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही, तर त्या पायाला जिमी लावायची नाही, डॉक्टरांकडे जायचे. भाऊजींना सहापैकी एकच ठिकाण कळले होते.

पुढच्या वेळी तळपायाचा नकाशा छापाल, तेव्हा ही सहा ठिकाणेही त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका,
सोलापूर