मॉल, दुकानदाराच्या नजरेने

रामबाग, इंदूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

दुबईहून सुखरूप पोहोचलो. फोन तर तुझा रोज येतो, पण दुकानाचा विषय निघाला की तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. म्हणून लिहून पाठवतोय, लिहिलेलं मध्येच तोडता येत नाही. निघताना तू बजावलं होतंस, "बाबा, दुबई मॉल नीट बघून या, मग आपल्या साडीच्या दुकानासाठी इंदूरच्या मॉलमधल्या गाळ्याचं बोलू." बघून आलो. ताईचं घर, जावयांचं ऑफिस, वाळवंटातली जीपगाडी हे सगळं आई सांगेलच. मी फक्त मॉलचं सांगतो.

मेट्रोने गेलो. स्टेशनातून उतरलं की लगेच मॉल, असं मला वाटलं होतं. छे! मध्ये 820 मीटरचा काचेचा बंद पूल आहे, थंडगार, खाली सरकते पट्टे. आई म्हणाली, एवढ्यात राजवाड्यावरून कृष्णपुऱ्याच्या छत्र्या बघून परत आलो असतो. आत शिरल्यावर मात्र तिचं बोलणं बंद झालं. बाराशेच्या वर दुकानं, चौदा हजार गाड्यांची पार्किंग. 2008 च्या नोव्हेंबरात उघडला आणि 2023 या एका वर्षात तिथे साडेदहा कोटी माणसं येऊन गेली, असं मालक कंपनी सांगते. तुमच्या भाषेत फूटफॉल. हा आकडा ऐकून तुझे डोळे चमकले असतील, म्हणून पुढचं जरा सावकाश वाच.

तिथे एक मत्स्यालय आहे. एक कोटी लिटर पाणी आणि समोर अॅक्रिलिकची एकच भिंत, जवळजवळ तेहतीस मीटर लांब, आठ मीटरहून उंच, पाऊण मीटर जाड. शार्क येतात, पाकट येतात, काचेला पोट घासून जातात. ही भिंत बाहेरून फुकट बघता येते. तिकीट आतल्या बोगद्याचं. आई तिथे रमली आणि मी जवळ एक बाक गाठून बसलो. माशांकडे पाठ करून माणसांचे हात बघत बसलो. आजोबांनी मला लहानपणी शिकवलं होतं की बाजारात मंदी आहे की तेजी हे वर्तमानपत्रात बघू नये, रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या हातातल्या पिशव्या बघाव्यात. तर त्या गर्दीत बहुतेक हातांत मोबाइल होता, नाहीतर कॉफीचा कागदी पेला, नाहीतर लहान मुलाचा हात. पिशवी क्वचित. ज्यांच्या हातात होती त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची तळमजल्यावरच्या किराण्याची.

याचा अर्थ तिथे धंदा होत नाही असा मुळीच नाही. महागड्या दुकानांची जी वेगळी बाजू आहे तिथे एक गिऱ्हाईक आपल्या दुकानाच्या आठवड्याच्या विक्रीइतका माल एका पिशवीत घेऊन जात असेल. पण साडेदहा कोटी पावलं म्हणजे साडेदहा कोटी गिऱ्हाइकं नव्हेत. बुर्ज खलिफावर चढायचं असेल, 828 मीटरची जगातली सगळ्यात उंच इमारत, तरी तिचं प्रवेशद्वार मॉलच्या आत आहे. बाहेरच्या तळ्यात 275 मीटर लांबीचं कारंजं नाचतं, पाणी दीडशे मीटर वर जातं, तेही फुकट. संपलं की ती सगळी माणसं उकाड्याला कंटाळून मॉलच्या दारांतून परत आत. मध्ये एका घुमटाखाली डायनासोरचा खरा सांगाडा, अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये सापडलेला. बर्फाचं मैदान आहे, त्यावर पोरं घसरतात. या सगळ्याचा खर्च कोणीतरी देत असणार ना? मी जावयांना विचारलं. ते इमारतींच्या व्यवसायातले, त्यांनी हसत सांगितलं, "दुकानदार देतात, बाबा."

मग त्यांनी मला गणित समजावलं, आणि खरं सांगू, दुबईत मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. मोठ्या नावाची, चार-चार मजल्यांची दुकानं असतात, त्यांना मॉलवाले स्वतः बोलावून आणतात आणि त्यांच्याकडून चौरस फुटाला अगदी कमी भाडं घेतात. कारण माणसं त्यांच्या नावाने येतात. ही दुकानं मुद्दाम दोन टोकांना ठेवायची, म्हणजे एकाकडून दुसरीकडे जाताना मधल्या बारक्या दुकानांवरून जावंच लागतं. आणि चौरस फुटाला जबर भाडं भरतात ती हीच बारकी दुकानं. जत्रेतलं गणित आहे हे. देवाला भाडं कोण मागतं? वसुली नारळवाल्यांकडून. तू जो गाळा बघितलायस, तो नारळवाल्याचा आहे हे डोक्यात ठेव.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. सगळीकडून बंद, आतून गरम-थंड राखलेला असा पहिला मोठा मॉल अमेरिकेत मिनेसोटा राज्यात 1956 साली उघडला, साउथडेल नावाचा. आखणारा व्हिक्टर ग्रुएन, मूळचा व्हिएन्नाचा. मिनेसोटात हिवाळ्यात बर्फ पडतो, उन्हाळ्यात अंग चिकचिकतं, मग बाजाराला जाणार कोण? म्हणून अख्खा बाजार छताखाली घेतला. ग्रुएनच्या मनात त्याच्या भोवती घरं, शाळा, दवाखाना असं सगळं होतं. झालं काय, तर मॉल आणि भोवती गाड्यांचं मैदान. म्हातारपणी तो व्हिएन्नाला परत गेला आणि या मॉलांचं पितृत्व त्याने झटकून टाकलं.

दुबईतही कारण हवाच. आम्ही गेलो तेव्हा बाहेर दहा मिनिटं उभं राहवत नव्हतं. त्या लोकांना मॉल हाच रस्ता, हीच बाग. 2025 च्या ऑगस्टमध्ये तर तिथल्या सरकारने सकाळी फिरायला जाणाऱ्यांसाठी मॉल उघडून दिले होते, म्हणजे दुकानं उघडायच्या आधी लोक आत चक्कर मारत होते.

आता आपल्या गावाचा विचार कर. माळव्याची रात्र. मे महिन्यातसुद्धा दिवस मावळला की वारा सुटतो. रात्री सराफ्यात सोन्याची दुकानं बंद होतात, त्यांच्याच पायऱ्यांवर कढया चढतात आणि अर्धं इंदूर भुट्ट्याचा कीस खायला उभं असतं, बायकापोरांसकट. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत रविवारी पाय ठेवायला जागा नसते. या गावाला फिरायला छप्पर लागतच नाही रे. इथला मॉल चालतो, नाही असं नाही. दुपारी चालतो, पावसात चालतो, सिनेमाच्या वेळेला चालतो, कॉलेजच्या पोरांना एसी हवा असतो म्हणून चालतो. पण साडी घेणारी बाई दुपारी सिनेमा बघायला आलेली नसते.

साडीवरून सांगतो. बर दुबईच्या कापडबाजारात ताईने आम्हाला नेलं, खाडीपलीकडे, एक दिरहॅममध्ये लाकडी नावेतून. तिथे कच्छी-सिंधी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या बसलेत. एकाने "आओ भाभीजी" म्हणत आईला बसवलंच. थान काउंटरवर फेकलं, कापडाची लाट अशी उलगडली की मला आपलं दुकान आठवलं. आईने अर्थातच घेतलं. मॉलमध्ये कोणी "या" म्हणत नाही. दारात काळा कोट घातलेला मुलगा उभा असतो, तो नुसता मान तुकवतो.

आपल्या गादीवर माहेश्वरी कशी विकली जाते ते तू लहानपणापासून बघतोयस. नागपूरची, पुण्याची बाई येते, चप्पल काढून पांढऱ्या चादरीवर बसते. पाणी, मग चहा. मुनीमजी एक नग उघडतात, दुसरा उघडतात, ढीग होतो. ती काही बोलत नाही. मग एका साडीचा काठ उचलते आणि उलटा करून बघते. बुगडी काठ आहे, दोन्ही बाजूंनी सारखा, हे तिला कोणीतरी सांगितलेलं असतं. तिथे मुनीमजी थांबतात, पदराचे पाच पट्टे दाखवतात, महेश्वरच्या किल्ल्याच्या दगडांवरची नक्षी काठात कशी उतरली ते सांगतात. ताणा रेशमी, बाणा सुती, म्हणून नीमरेशमी, हेही. तासभर जातो. जाताना ती तीन नग घेऊन जाते आणि पुढच्या वर्षी नणंदेला पाठवते. हा तासभर मॉलमधल्या चारशे फुटांत कुठे बसवणार आहेस? तिथे साडी हँगरला टांगावी लागते. आठवड्यात घडीची रेघ बसते आणि बाई हात लावून, किमतीची चिठ्ठी उलटून पुढे जाते.

तरी मी नको म्हणत नाहीये, हे आईलाही सांग, ती मला जुनाट म्हणते. माझं म्हणणं वेगळं आहे. साडी राजवाड्याच्या आपल्या दुकानातच राहू दे. मॉलमध्ये ओढण्या, स्टोल, माहेश्वरी कापडाचे कुर्ते ठेव, उभ्या-उभ्या विकलं जातं ते. त्याला गाळासुद्धा लागत नाही, मधल्या मोकळ्या जागेतला छोटा काउंटर पुरे. चालला तर वाढव, नाही चालला तर उचलून आण.

आणि गाळाच घ्यायचा असेल तर आधी मंगळवारी दुपारी तीन वाजता जाऊन उभा राहा. रविवारी कुठलाही मॉल भरलेला दिसतो. सरकता जिना उतरल्यावर लोक कोणत्या हाताला वळतात ते बघ. किराण्याच्या मोठ्या दुकानातून बाहेर पडणारा रस्ता तुझ्या गाळ्यावरून जातो का? पार्किंगची लिफ्ट कुठे उघडते? वरच्या मजल्याचा कोपरा स्वस्त मिळत असेल, तर तो स्वस्त का आहे हे तिथल्या चहावाल्याला विचार, दलालाला नको.

करारात चार ठिकाणी बोट ठेव. किमान भाडं आणि विक्रीतला टक्का, यातलं जे जास्त ते, असं लिहिलेलं असतं. म्हणजे दिवाळीत तुझा गल्ला वाढला की त्यांचाही वाढतो, आणि पितृपक्षात भवानी झाली नाही तरी किमान भाडं सुटत नाही. भाडं सुपर एरियावर, म्हणजे जिने-वऱ्हांड्यांचा वाटा धरून लावतात, तुझ्या वाट्याला कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागाच येते, दोन्हींचे आकडे शेजारी-शेजारी लिहून बघ. मेंटेनन्स वेगळा, त्यावर जीएसटी वेगळा. लॉक-इन, म्हणजे गाळा सोडता येणार नाही अशी मुदत, किती वर्षांचं, आणि आतली सजावट तुझ्या पैशाने करून घेतल्यावर तू गेलास तर ती कोणाची? शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं: टोकाचं मोठं दुकान बंद पडलं तर तुझं भाडं कमी होणार का? हे लिहून देत नसतील तर गाळ्याचं नाव काढू नकोस.

कराराचा मसुदा मिळाला की आधी मला पाठव, सही नंतर. वकिलाला दाखवायचाच आहे, पण आधी मुनीमजी आणि मी बसून वाचू.

पुण्यात पाऊस सुरू झाला असेल, छत्री घेत जा.

तुझे,
बाबा

ता. क. आईने कच्छी व्यापाऱ्याकडून तुझ्यासाठी शर्टाचं कापड आणलंय. रंग मी निवडलेला नाही.