श्रीनगरच्या काकींना, विट्याहून

ती. काकींना साष्टांग नमस्कार.

काश्मीरमधल्या आमच्या गुलमर्गच्या सहलीबद्दल फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि पोरं जेवली का ते विचारता. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि चारचौघांना वाचता येईल असं उघड लिहितेय. लहान मुलं घेऊन पहिल्यांदा बर्फात निघालेल्या आपल्या भागातल्या आई-बापांच्या हाती तुमचं सांगणं पडावं, असं मनापासून वाटतं.

तुमचं-आमचं नातं काहीच नव्हतं. खानापूर-आटपाडीची गलाईची माणसं दुष्काळानं बाहेर पडली आणि सोनं-चांदी गाळत देशभर पसरली. त्यामुळे कुठल्याही शहरात आपलं कुणीतरी निघतंच. ह्यांच्या मित्राच्या चुलत्यांकडून तुमचा नंबर मिळाला. मला वाटलं, हॉटेलचं एखादं नाव सांगाल. तुम्ही बजेट विचारलं नाहीत, किती दिवस तेही नाही. विचारलंत ते असं: धाकटा दुपारी झोपतो का? त्याला गाडी लागते का? थोरली नवीन माणसाजवळ रुळते का? बूट स्वतःचे स्वतः घालते का? सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "आधी पोरांची झोप बघायची, मग बर्फ. बर्फ कुठं पळून जातोय?"

पुढची सगळी सहल तुम्ही याच एका वाक्यावर उभी केलीत.

आपल्याकडे शाळेला मोठी सुट्टी दिवाळीत आणि मे महिन्यात. दिवाळीत गुलमर्गला स्की करण्याजोगा बर्फ साचलेला नसतो आणि मेपर्यंत तो उतरलेला असतो. म्हणजे शाळा बुडवूनच जायचं. ह्यांच्या मनात २६ जानेवारीला जोडून जायचं होतं. तुम्ही ते मोडून काढलंत. त्या आठवड्यात श्रीनगरात बंदोबस्त कडक असतो, रस्ते अडवलेले असतात, लहान मुलांना गाडीत ताटकळावं लागतं. शिवाय २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस चिल्लई कलां, काश्मीरमधली सगळ्यात कडाक्याची थंडी. मोठी माणसं ती सोसतात, चार वर्षांचं पोर कशाला सोसेल? थंडी असली म्हणजे बर्फ असतोच असंही नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं पडलं होतं, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणून फेब्रुवारी, आणि बुकिंग रद्द करता येईल असंच. परतीच्या विमानाआधी एक दिवस श्रीनगरात मोकळा ठेवायलाही तुम्हीच लावलंत, कारण हवा बिघडली की विमानं रखडतात. आमच्या वेळी गोंडोला, म्हणजे डोंगरावर नेणारा तारेवरचा पाळणा, वाऱ्यामुळे अर्धा दिवस बंद राहिला. मोकळा दिवस हाताशी होता म्हणून कुणाचाही जीव खालीवर झाला नाही.

उंचीचं तुम्ही जसं समजावलंत तसं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. श्रीनगर शहरच जवळपास तेवढ्या उंचीवर वसलेलं. गुलमर्ग २,६५० मीटरच्या आसपास, गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदूरीला तीन हजारांवर, आणि दुसरा अफरवट डोंगराच्या अंगावर चार हजारांच्या जवळ. म्हणून अंगाला उंचीची सवय व्हायला आधी श्रीनगरात मुक्काम, मग वर. पोर विनाकारण किरकिरायला लागलं, जेवण नको म्हणालं, उलटी झाली, तर "दमलं असेल" म्हणून सोडून द्यायचं नाही, खाली आणायचं आणि डॉक्टर गाठायचा. दुसऱ्या टप्प्याची तिकिटं काढूच नका, हे तुम्ही इतक्या ठामपणे सांगितलंत की ह्यांनी पुन्हा विषय काढला नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवटवर हिमस्खलन होऊन दोन परदेशी स्कीपटू गेले, तेही तुम्ही लपवलं नाहीत. घाबरवण्यासाठी नव्हे. आखलेला उतार सोडून कुणी कितीही आग्रह केला तरी जायचं नाही, एवढं आमच्या मनात पक्कं बसावं म्हणून.

कपड्यांबद्दल तर किती सांगू! विट्यात बसून आम्ही जाड स्वेटरांचा ढीग लावत होतो. तुम्ही व्हिडिओ कॉलवर एकेक कपडा उचलून दाखवायला लावलात. अंगालगत सुती बनियन नको, घामानं किंवा बर्फानं भिजलं की ते वाळत नाही आणि अंग गार पडतं. आत अंगाला चिकटून बसणारं थर्मल, वर लोकर, सगळ्यात वर पाणी न शिरणारं जाकीट आणि पँट. मुलांना पाच बोटांचे हातमोजे नकोत, सगळी बोटं एकत्र राहतील असे हवेत. दोन्ही मोजे एका दोरीला बांधायचे आणि ती दोरी जाकिटाच्या एका बाहीतून घालून दुसरीतून काढायची, म्हणजे मोजा हातातून निघाला तरी हरवत नाही. जादा जोड पिशवीत. ताज्या बर्फावरून उन्हातले अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फिरतात, म्हणून ढग असले तरी गॉगल आणि सनस्क्रीन, तेही हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेला. आणि हे सगळं अंगावर चढवण्याआधी मुलांना लघवीला नेऊन आणायचं. हे शेवटचं वाक्य मी घरातल्या कपाटावर लिहून चिकटवलंय.

बुटांचं काम तर तुम्ही स्वतःवर घेतलंत. स्कीच्या बुटांचं माप सेंटिमीटरमध्ये असतं, म्हणून थोरलीचं पाऊल कागदावर ठेवून टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोजून पाठवायला सांगितलंत. लहान मापं भाड्यानं मिळायला वेळ लागतो, ती ऐनवेळी शोधायची नाहीत, म्हणून तुमच्या ओळखीच्या प्रशिक्षकांकडे आधीच बाजूला ठेवून घेतलीत. दोन जाड मोजे नकोत, एकच पातळ आणि लांब. गुडघे वाकवल्यावर टाच उचलली गेली तर बूट मोठा. पायांना बांधायच्या स्कीच्या पट्ट्या उभ्या केल्यावर छाती ते हनुवटीच्या मध्ये याव्यात, त्याहून लांब नकोत. हेल्मेट नसेल तर त्या दिवशी स्की नाही.

धाकट्याला पट्ट्या बांधायच्याच नाहीत, हेही तुमचंच. त्यानं स्लेजवर बसायचं, बर्फाचे गोळे करायचे आणि दमला की खोलीवर. थोरलीचं शिकणं फक्त सकाळी, दोनेक तास, सपाटीला लागून असलेल्या बारक्या उतारावर. प्रशिक्षकांनी पहिल्या दिवशी तिला हातात धरायच्या काठ्या दिल्याच नाहीत. आधी पट्ट्या घालून नुसतं चालणं, मग पडणं, आणि पडल्यावर उठणं. नंतर पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून वेग कमी करायला शिकवलं. ही पोर नवीन माणसासमोर तोंड उघडत नाही. प्रशिक्षकांना तुम्ही तसं आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून त्यांनी तिला प्रश्न विचारले नाहीत. शेजारून घसरत राहिले आणि "घुटने मोडो, बेटा" एवढंच म्हणत राहिले. दुसऱ्या सकाळी ती स्वतःहून त्यांच्याकडे पळाली. काकी, एका अनोळखी बाईनं माझ्या मुलीचा स्वभाव लक्षात ठेवून दुसऱ्या अनोळखी माणसाच्या कानावर घालावा, याचं मोल मला अजून करता येत नाही.

एक गोष्ट मात्र मी आयुष्यभर विसरणार नाही. खोलीत बुखारी, म्हणजे खोली तापवायची लाकूड-कोळशाची शेगडी, होती. बाहेर बर्फ पडत होता आणि दारं-खिडक्या गच्च लावून झोपावं असंच कुणालाही वाटलं असतं. तुम्ही निघण्याआधी दोनदा, तिथं पोचल्यावर पुन्हा बजावलं होतं, की बंद खोलीत कोळसा किंवा लाकूड जळत ठेवून झोपायचं नाही. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. बुखारी विझवायची, खिडकीची फट उघडी ठेवायची, ऊब पांघरुणातून घ्यायची. निखाऱ्यांची कांगडी पोरांच्या हाती द्यायची नाही आणि अंथरुणात घ्यायची नाही. आम्ही तसंच केलं. पोरं तुम्ही पाठवलेल्या छोट्या फेरनांत, त्या सैल काश्मिरी अंगरख्यांत, गुरफटून गाढ झोपली.

बारीकसारीक किती तरी आहे. बाहेरचं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, म्हणून ह्यांचा पोस्टपेड नंबर घेतला. गोंडोलाची तिकिटं ओळखपत्रासह ऑनलाइन आधीच काढली. श्रीनगर विमानतळावर इमारतीत शिरण्याआधीच गाडीतून उतरून सामान तपासून घ्यावं लागतं, म्हणून परतताना मुलांच्या हिशेबानं भरपूर आधी निघालो. गाडीच्या चाकांना बर्फात बांधायची साखळी आहे का, हे गुलमर्गच्या वाटेवरच्या तंगमर्गच्या पुढे चढण्याआधी बघितलं.

आणि तुमच्या घरचं पहिल्या रात्रीचं जेवण! गावाहून आलेल्या पिठाची ज्वारीची भाकरी, पिठलं, खर्डा. दिवसभर विमानात काही न खाल्लेल्या धाकट्यानं दूध-भाकरी चापली आणि तुमच्याच मांडीवर झोपला. लाल चौकातल्या पंचमुखी मारुतीच्या देवळात आपल्या मंडळींचा गणपती बसतो, ते तुम्ही तेव्हाच सांगितलंत. एवढ्या लांब राहून गाव असं धरून ठेवणाऱ्या बाईची ओळख झाली, हे मला बर्फाइतकंच मोठं वाटतं.

तासगावचे बेदाणे आणि सांगलीचा भडंग पार्सलनं पाठवलाय. हळद घरची आहे, वेगळ्या पुडीत बांधली आहे. थोरली विचारते, पुढच्या वर्षी काठ्या मिळतील का. प्रशिक्षकांना आमचा नमस्कार सांगा आणि तिचा हा प्रश्नही. दसऱ्याला पालखीच्या शर्यतीसाठी विट्याला आलात की मुक्काम आमच्याकडेच. काकांचा चहा बिनसाखरेचा, लक्षात आहे.

तुमची,
थोरली आणि धाकट्याची आई
विटा, जि. सांगली