जीएसटी परिषदेचे उपाध्यक्षपद विरोधी पक्षाच्या राज्याला द्यावे

महोदय,

जीएसटीचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले, मुख्य टप्पे ५ आणि १८ टक्के असे दोनच राहिले आणि लगेच श्रेयाचे भांडण सुरू झाले. सत्ताधारी म्हणतात आम्ही दिलासा दिला, विरोधक म्हणतात आम्ही पहिल्यापासून हेच सांगत होतो. माझी सगळी नोकरी विक्रीकर खात्यात गेली. या वादात मला जे खटकते त्यावर कोणत्याच पक्षाचा प्रवक्ता बोलत नाही, म्हणून हे पत्र.

जीएसटीचे दर केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांच्या जीएसटी परिषदेच्या शिफारशीने ठरतात. राज्यघटनेच्या कलम २७९अ नुसार केंद्रीय अर्थमंत्री या परिषदेचे अध्यक्ष असतात. राज्यांच्या मंत्र्यांनी आपल्यातूनच एकाला शक्य तितक्या लवकर उपाध्यक्ष निवडावे, असेही त्याच कलमात आहे. परिषद २०१६ मध्ये स्थापन झाली, पण हे पद वर्षानुवर्षे रिकामे राहिले. केंद्र आणि राज्यांमधले वाद सोडवण्यासाठी यंत्रणा उभारावी, ही तरतूदही तशीच पडून राहिली.

याची किंमत २०२० मध्ये कळली. जीएसटीत राज्यांचे स्वतःचे बरेच कर विलीन झाले, म्हणून त्यांचा महसूल दरवर्षी १४ टक्क्यांनी वाढेल असे धरून पाच वर्षे तूट भरून देण्याचे केंद्राचे कायदेशीर वचन होते. कोविडमध्ये वसुली कोसळली आणि भरपाईसाठी कर्ज कोणी काढायचे यावर केंद्र आणि विरोधी पक्षांची राज्ये अडून बसली. ऑक्टोबरमधली बैठक एकमत न होता संपली. पुढची बैठक झाली ती थेट २८ मे २०२१ रोजी. नियमाप्रमाणे दर तिमाहीला एक तरी बैठक व्हायला हवी. पगार, औषधे, लसीकरण या सगळ्यासाठी राज्ये पैशांची वाट पाहत असताना, सर्व राज्यांच्या वतीने बैठक मागणारा एकही अधिकृत माणूस नव्हता.

हे पूर्वी असे नव्हते. २००० मध्ये वाजपेयी सरकारने राज्यांच्या अर्थमंत्र्यांची समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद दिले पश्चिम बंगालच्या डाव्या आघाडीचे अर्थमंत्री असीम दासगुप्ता यांना. भाजप आणि मार्क्सवादी यांच्यात तेव्हा काय सख्य होते ते सर्वांना ठाऊक आहे. दिल्लीत सत्ता बदलली तरी दासगुप्ता त्या पदावर राहिले. २०११ मध्ये डावे बंगालमध्ये हरले, तेव्हा केंद्रात काँग्रेस असूनही बिहारचे सुशीलकुमार मोदी या भाजपच्या नेत्याकडे अध्यक्षपद गेले.

विक्रीकराच्या जागी व्हॅट (मूल्यवर्धित कर) आला तेव्हा या समितीचा उपयोग मी स्वतः पाहिला. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून व्हॅट सुरू झाला. व्यापारी ३१ मार्चच्या शिल्लक मालाच्या याद्या घेऊन आमच्या टेबलापाशी येत, आधी भरलेल्या कराचा सेट-ऑफ, म्हणजे नव्या करातून वजावट, मिळणार का म्हणून विचारत. बहुतेकांना धास्ती होती, काहींना रागही होता. भाजपशासित राज्ये तर पहिल्या वर्षी बाहेरच राहिली. पण व्हॅटची रूपरेषा मांडणारी समितीची श्वेतपत्रिका आमच्या हातात होती आणि ती एका पक्षाची नव्हती, एवढे समोरच्याला सांगता येत असे. अशा वेळी त्या वाक्याला फार वजन असते. वर्षभरात बाहेरची बहुतेक राज्येही आत आली.

जीएसटीच्या वेळी मात्र प्रत्येकाने खुर्ची पाहून भूमिका घेतली. प्रणव मुखर्जींनी २०११ मध्ये घटनादुरुस्ती विधेयक आणले, तेव्हा गुजरात आणि मध्य प्रदेशने विरोध केला. अरुण जेटलींनी २०१४ मध्ये ते पुन्हा आणले, तेव्हा कराची १८ टक्क्यांची मर्यादा घटनेतच लिहा म्हणत काँग्रेसने राज्यसभेत अडवले. ३० जून २०१७ च्या मध्यरात्रीच्या समारंभाला तर काँग्रेस गेलीच नाही, आणि या कराची कल्पना पुढे नेली होती तिच्याच सरकारने!

मतभेद असूच नयेत असे मी म्हणत नाही. २०१७ मध्ये शिवसेना राज्यात भाजपबरोबर सत्तेत होती. जकात गेल्यावर मुंबई महापालिकेचे काय, हा प्रश्न तिने लावून धरला. मित्रपक्षाची अडवणूक म्हणून तेव्हा टीका झाली. मला ती मागणी रास्तच वाटली. जकात हे पालिकेच्या उत्पन्नाचे सर्वात मोठे साधन होते. मागणी उघडपणे झाली, विधिमंडळात चर्चा झाली आणि भरपाईची तरतूद कायद्यात आली. आघाडीतल्या भांडणातून लोकांचे भले व्हायचे तर ते असे होते.

जिथे राज्यांना असे व्यासपीठ नाही तिथली स्थिती परदेशी मदतीच्या बाबतीत दिसते. २००४ च्या त्सुनामीनंतर परदेशी सरकारांची मदत न घेण्याचे धोरण मनमोहन सिंग सरकारने घेतले. डावे त्या सरकारला बाहेरून पाठिंबा देत होते. २०१८ च्या पुरात केरळच्या डाव्या सरकारला संयुक्त अरब अमिरातीची मदत हवी होती, तर केंद्रातल्या भाजप सरकारने तेच जुने धोरण पुढे करून नकार दिला. २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहायता निधीला परदेशी देणग्या घेण्याची परवानगी मिळाली. सरकारची मदत आणि देणगीदारांचे पैसे यांचे नियम वेगळे आहेत, हे मान्य. आपल्या राज्याला परवानगी मिळाली याचा मला आनंदही आहे. तरीही केरळच्या माणसाने यात पक्ष पाहिला, तर त्याची समजूत घालायला कोणते व्यासपीठ आहे?

देशात सर्वाधिक जीएसटी महाराष्ट्रातून गोळा होतो. आपल्या अर्थमंत्र्यांनी पुढच्या बैठकीत विरोधी पक्षाच्या एखाद्या राज्याच्या मंत्र्याचे नाव उपाध्यक्षपदासाठी सुचवावे. सप्टेंबरच्या दरकपातीपूर्वी आठ विरोधी राज्यांनी महसुलाच्या संरक्षणाची मागणी केली होती आणि तरीही निर्णय एकमताने झाला, म्हणजे समजूतदारपणा शिल्लक आहे. ही निवड, आणि उपाध्यक्षाचा कालावधीसुद्धा, घटनेने राज्यांच्या मंत्र्यांवरच सोपवला आहे. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.

– एक निवृत्त विक्रीकर अधिकारी