वय बसत नाही म्हणून मरायचं का? मा. आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझी थोरली बहीण गेली. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. वय 31. महिला दिनाच्या शिबिराला तांड्यावर आलेल्या साहेबांनी माईकवरून सांगितलं होतं, कॅन्सरची लस आता सरकार देणार, बायकांनो नावं द्या. आम्ही नावं दिली. बहिणीचे दिवस झाल्यावर मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात चौकशीला गेले, तर "तुमचं वय बसत नाही" एवढंच ऐकवून मला बाहेर काढलं. माझं वय 25 आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या बंजारा ऊसतोड कुटुंबातली. आईबापानं मुकादमाकडून उचल घेऊन मला नर्सिंग शिकवलं. आज एका खासगी प्रसूतिगृहात नोकरी करते आणि हीच लस, हा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरची, माझ्या हातानं देते. फ्रीजमधून काढायची, दंडात अर्धा मिली टोचायची, पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं, कार्डावर पुढची तारीख लिहायची. त्या खुर्चीत डॉक्टरांच्या, वकिलांच्या, बागायतदारांच्या लेकीसुना बसतात. त्यांना लस मिळते याचं मला वाईट वाटत नाही, मिळालीच पाहिजे. पण तांड्यावरची, भिल्ल वस्तीवरची, पारध्यांच्या पालावरची एक बाई त्या खुर्चीत बसलेली मी अजून पाहिली नाही.

कारण सरळ आहे. आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट बनवते ती लस बाजारात एका डोसला दोन हजारांच्या घरात पडते आणि पंधरा वर्षांच्या पुढे कंपनीच्या कागदाप्रमाणे तीन डोस लागतात. परदेशी कंपनीची, नऊ प्रकारच्या विषाणूंवरची लस डोसाला दहा हजारांच्या वर. जी बाई एक दिवस आजारी पडली तर खाडा धरून मुकादम पैसे कापतो, ती सहा हजार कुठून आणणार? 1 फेब्रुवारी 2024 च्या अर्थसंकल्पी भाषणात 9 ते 14 वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली. चांगलं झालं. मुलींना आधी द्या, शास्त्रही तेच सांगतं. पण त्या दिवशी आम्ही चौदा ओलांडून गेलो होतो, त्यात आमचा काय गुन्हा?

बीड जिल्ह्यात अठराच्या आत लग्न होणाऱ्या मुली चाळीस टक्क्यांच्या वर आहेत, हे तुमच्याच सर्वेक्षणात आहे. लग्नाआधी लस मिळायला हवी होती ती आम्हालाच, आणि राहिलो तेही आम्हीच. माझ्या बहिणीचं लग्न सोळाव्या वर्षी झालं. पहाटे तीनला फडात, डोक्यावर मोळी, रात्री कोपीत म्हणजे झोपडीत, संडासाला आडोसा नाही. अंगावरून घाण वास येणारं पाणी जायला लागलं, तेव्हा तिनं दोन हंगाम अंगावर काढले. नंतर शहरात लाईट, म्हणजे रेडिएशन, दिली, पण आजार तिसऱ्या टप्प्यात गेला होता. आईची तर आधीच गर्भपिशवी काढली होती. "ठेवलीत तर कॅन्सर होईल," असं सांगून. कसलीही तपासणी न करता. 2019 मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीसमोर आकडा आलाच होता: बीडमध्ये तपासलेल्या 82 हजार ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांवर बायकांची पिशवी काढलेली. म्हणजे कॅन्सरची भीती आमच्या तांड्यावर पोचली, लस पोचली नाही.

पण प्रयोग करायचे तेव्हा आम्ही बरोबर सापडतो. 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात एचपीव्ही लसीचा प्रकल्प झाला. खम्मममध्ये आश्रमशाळांतल्या, वसतिगृहांतल्या आदिवासी मुलींना लस टोचली आणि कितीतरी संमतीपत्रांवर सह्या वसतिगृहप्रमुखांच्या. पुढे दोन्ही जिल्ह्यांत मिळून सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लसीशी संबंध आढळला नाही, आणि एक नर्स म्हणून मी सांगते, लस वाईट नाही. वाईट होतं ते न विचारणं. 2013 मध्ये संसदीय समितीनं त्यावर ताशेरे ओढले, आणि त्या बेपर्वाईनं लसीचं नाव दहा वर्षं मागे गेलं. शेजारच्या धाराशिवमध्ये, तेव्हाच्या उस्मानाबादेत, 1999 पासून लाखाच्या वर खेड्यातल्या बायका एका अभ्यासात होत्या. एकदाच एचपीव्ही तपासणी केली तरी मृत्यू जवळपास निम्मे होतात, हे साऱ्या जगाला त्यातून कळलं. तुलनेसाठी तीस हजारांवर बायका विनातपासणी ठेवल्या होत्या, त्यांतल्या 64 याच कॅन्सरनं गेल्या. जगानं त्यावर धोरणं आखली. मराठवाड्याला काय मिळालं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या शंभर बायकांत दोघींचीही तपासणी झालेली नाही. वर्षाला सव्वा लाख बायकांना हा आजार होतो, 80 हजारांच्या आसपास मरतात. एवढी माणसं पुरात गेली असती तर तुमची हेलिकॉप्टरं आली असती.

बाळंतपणाच्या नोंदीत जातीचा रकाना आहे, तो मीच भरते. मग 15 ते 26 वयातल्या किती बायकांना लस मिळाली, त्यांत अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या विमुक्त किती, हे तालुकावार जाहीर करा. आकडा पाहून तुम्हालाच बोलायला जड जाईल.

आणि आमच्यासाठी हे करा. 26 वर्षांपर्यंतच्या बायकांना लस मोफत द्या. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्येच सांगितलंय की 21 च्या पुढे सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस पुरतात. आम्ही दसरा-दिवाळीला गाव सोडतो आणि उन्हाळ्यात परततो, म्हणजे एक डोस जाताना, एक आल्यावर. हे अंतर आमच्या पोटानंच आखून दिलंय, त्यासाठी वेगळी समिती नेमू नका. तिशीच्या पुढच्या बायकांना कारखान्यावरच एचपीव्ही तपासणी द्या, आणि टोचण्याआधी तिला तिच्या बोलीत समजावून सांगा. गोरमाटी, आमची बंजारा बोली, बोलणारी नर्स लागली तर मला बोलवा, पगार मागणार नाही.

दोन वर्षांनी मी 27 ची होईन, मग 26 पर्यंतच मुभा देणाऱ्या कंपनीच्या कागदावरूनही माझं नाव जाईल. माझी धाकटी नणंद 19 ची आहे, तिच्यामागे जाऊ 22 ची. यांची नावं शिबिराच्या त्या वहीत अजून आहेत. दसऱ्याच्या आत त्यांना बोलावणं येणार की नाही, एवढं लेखी कळवा.

आपली,
बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यावरची परिचारिका