तुझ्या कथेतल्या त्या दाराविषयी

बेअर शेवा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझी कथा मिळाली आणि एका बैठकीत वाचून काढली. अलिबागेहून तरुणपणी इथे इस्रायलमध्ये आलेली बेने इस्रायली (कोकणातल्या मराठीभाषक ज्यू समाजातली) आजी, सैन्याच्या राखीव दलाचे बोलावणे आलेला तिचा नातू आणि शेवटी घरावर कोसळणारे क्षेपणास्त्र, असा तिचा पट आहे. आजी तू सुरेख उभी केली आहेस. आमच्या ज्यू असण्याविषयी इथल्या सर्वोच्च धर्मपीठाने शंका घेतली, तेव्हा 1964 साली जेरुसलेममध्ये धरणे धरणाऱ्यांत तू तिला बसवलेस, हे वाचून मला भरून आले. शेवट मात्र पटला नाही.

क्षेपणास्त्र पडणे अशक्य आहे असे मी म्हणत नाही. 19 जून 2025 रोजी इथल्याच सोरोका रुग्णालयावर इराणचे क्षेपणास्त्र पडले, ते साऱ्या जगाने पाहिले. पण ती बातमी झाली, आणि बातमीत आजी नाहीशी होते. तुझी कथा त्याच्या कितीतरी आधी, त्या सुरक्षित खोलीच्या दारापाशी, घडते आहे.

ती खोली तू रिकामे, अंधारे तळघर असल्यासारखी रंगवली आहेस. 1991च्या आखाती युद्धात इराकची क्षेपणास्त्रे तेल अविववर पडली आणि त्यानंतर नव्या घरांत जाड काँक्रीटची एक खोली बांधणे इथे सक्तीचे झाले. तिला आम्ही ‘ममाद’ म्हणतो. ती राहत्या घराचाच भाग असते आणि बहुधा घरातली सर्वांत भरलेली खोली तीच असते. तिथे नातवाचा पलंग असेल, इस्त्रीचे टेबल, तांदळाची पिशवी, पेसाहच्या सणापुरती वेगळी ठेवलेली भांडी असतील. खिडकीला पोलादी झडप असते आणि दार इतके जड असते, की ते नीट बंद करायचे तर मूठ जोर लावून फिरवावी लागते. गाझातून रॉकेट सुटले तर बेअर शेवाच्या माणसाला 60 सेकंद मिळतात, अश्दोदच्या माणसाला 45, स्देरोतच्या माणसाला अवघे 15. ऐंशी ओलांडलेल्या बाईचे मनगट ती मूठ फिरवू शकत नाही. आजवर ते काम नातू करीत आला. आता तो गेला आहे. माझ्या मते तुझी कथा इथे आहे.

आणखी एक गोष्ट तुला ठाऊक असायला हवी. ही दारे रॉकेटसाठी बांधलेली होती, हल्लेखोर माणसांसाठी नव्हे. म्हणून त्यांतल्या बहुतेकांना आतून कुलूप नव्हते. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासचे हल्लेखोर घुसले तेव्हा गाझालगतच्या किबुत्झांमध्ये, म्हणजे सामूहिक वस्त्यांमध्ये, लोक ती मूठ दोन्ही हातांनी धरून तासन् तास उभे राहिले. त्या दिवसानंतर इथे कुणीही ती मूठ हातात धरतो तेव्हा ते आठवल्यावाचून राहत नाही. आजीलाही आठवेल, तिला ते बोलून दाखवायला लावू नकोस.

नातू कुठे गेला आहे हेही कथेने टाळू नये. गाझा इथून सुमारे 40 किलोमीटरवर आहे, आणि तिथे हजारो पॅलेस्टिनी माणसे मारली गेली, त्यांत कितीतरी लहान मुले होती. नातू सुट्टीवर येईल, जेवेल, झोपेल आणि काय पाहिले ते सांगणार नाही; आजी मराठीत विचारील, तो हिब्रूत विषय बदलेल. हिब्रू कथेला हे वावडे नाही. एस. यिझहार यांनी 1949 मध्येच, अरब गावकऱ्यांना त्यांच्या गावातून हाकलणाऱ्या तुकडीतल्या एका सैनिकाच्या तोंडून दीर्घकथा लिहिली होती. मराठीत लिहिताना आपण त्याहून भित्रे का व्हावे?

तुझ्या कथेत औषधांच्या दुकानातला बेदुइन, म्हणजे मूळच्या भटक्या अरब जमातीतला, तरुण एका ओळीत येऊन जातो. कृपा करून त्याला थांबव. नेगेवच्या वाळवंटातल्या ज्या बेदुइन वस्त्यांना सरकारची मान्यता नाही, तिथे अशी खोली तर नाहीच, पुष्कळ ठिकाणी भोंगाही ऐकू येत नाही. तो आजीला गोळ्या देताना विचारील, “आजी, दार कोण लावते आता?” आणि त्याच्या स्वतःच्या घराला लावण्यासारखे असे दारच नाही. हे आजीला कळते की नाही, यावर कथेचे पुष्कळ काही अवलंबून आहे. मला वाटते, कळावे.

एक किरकोळ दुरुस्ती: मलिद्याच्या, म्हणजे आमच्या नवसाच्या नैवेद्याच्या, ताटात तू शिरा वाढला आहेस. तिथे भिजवलेले पोहे हवेत, त्यात ओले खोबरे, गोडासाठी साखर, वेलची आणि सोबत फळे. नातू सुखरूप यावा म्हणून आजी एलियाहू हन्नबीला, म्हणजे प्रेषित एलियाहूला, मलिदा बोलली असेल, तर तो नवस कथेच्या आरंभीच येऊ दे. तो फेडला गेला की नाही हे मात्र तू सांगू नयेस, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

दिवाळी अंकाच्या संपादकांकडून थोडी मुदत मागून घे आणि दुसरा खर्डा मला आधी पाठव. आजीच्या तोंडची हिब्रू वाक्ये मी तपासून देईन.

तुझा मित्र