हातातला तुकडा न खाता थांबलेल्या पाळकसाहेबांना

आदरणीय पाळकसाहेब,
प्रभूच्या नावात सलाम.

त्या संध्याकाळी तुम्ही निघालात तेव्हा आभार मानायला तोंड उघडलं आणि नुसतं रडूच आलं. जे राहिलं ते इथे लिहितो.

आईला विस्मरणाचा आजार जडला तरी आम्ही तिला चर्चला नेत होतो. एका रविवारी प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीचं, ताट समोर आलं आणि तिने भाकरीचे दोन तुकडे उचलले. एवढंच झालं होतं. त्या आठवड्यात मंडळीतले दोन वडील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ, घरी आले. "त्यांना आता काही कळत नाही. आत्मपरीक्षण केल्याशिवाय प्रभूच्या मेजाशी येऊ नये, असं वचन आहे." वचन पुढे केल्यावर मी काय बोलणार? त्याच मेजावरचं पांढरं कापड जिने वर्षानुवर्षं घरी आणून धुतलं, इस्त्री केलं, तिचं येणं बंद झालं. नंतर चौकशीलाही कुणी फिरकलं नाही.

मग तुम्ही आलात. खाटेशेजारच्या औषधांच्या बाटल्या स्वतःच बाजूला सरकवल्यात, भाकर मोडलीत, एक कण द्राक्षरसात भिजवून आईच्या जिभेवर ठेवलात. तुमचा तुकडा तुमच्या हातात होता. आई गिळेना. तोंडातल्या तोंडात घोळवत राहिली. मलाच अवघडल्यासारखं झालं. म्हटलं, "तुम्ही घ्या साहेब, तिला वेळ लागतो." तुम्ही म्हणालात, "लागू दे. बरोबरच घेऊ."

किती वेळ गेला कोण जाणे. तिने गिळलं, मग तुम्ही खाल्लंत.

रात्री मी बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय सबंध वाचला. आत्मपरीक्षणाचं वचन अठ्ठाविसावं. आणि तेहतिसाव्यात पौल लिहितो, भोजनाला एकत्र येता तेव्हा एकमेकांची वाट पाहा! जे आपलंच जेवण आधी उरकत होते आणि ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांना उपाशी ठेवत होते, त्यांच्यावर तो चिडला होता. पाच वचनं पुढे वाचायला मंडळीतल्या त्या दोन वडिलांना सवड झाली नसावी.

आणि कळण्याचंच म्हणाल तर त्या पहिल्या मेजाशी तरी कुणाला काय कळलं होतं? शिष्य पेत्राने त्याच रात्री कोंबडा आरवायच्या आत येशूला तीनदा नाकारलं. पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघे शिष्य प्रभूबरोबर चालले, त्याच्या तोंडून शास्त्र ऐकलं, तरी ओळख पटली नाही. पटली ती त्याने भाकर मोडली तेव्हा. आधी भाकर, मग ओळख.

तुमचं येणं काही नवी सवलत नव्हती, हेही मला उशिराच समजलं. सुमारे 155 साली जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलंय, की रविवारच्या भक्तीत भाकर आणि प्याला वाटून झाला की जे आले नाहीत त्यांचा वाटा डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, त्यांच्याकडे पोहोचवत. म्हणजे न आलेल्यांचाही वाटा असतोच.

"माझ्या स्मरणार्थ हे करा" हे प्रभूचे शब्द मला अलीकडे टोचायचे. जिचं स्मरणच गेलं तिने काय करायचं? तुम्ही तिच्या खाटेशी ते म्हणालात तेव्हा टोचले नाहीत. स्मरण ज्याचं त्याने एकट्याने डोक्यात सांभाळायचं असतं, तर एका भाकरीभोवती सगळ्यांना बसवायचं कारणच काय होतं? तिच्या वाटचं तुम्ही आठवलंत, थोडं मी.

तुम्ही गेल्यावर आईने विचारलं, "ते जेवले का?"
ते म्हणजे कोण, हे तिला सांगता येईना. मी म्हटलं, "जेवले. तुझ्यासाठी थांबले होते."

तुमचा,
मंडळीतला एक भाऊ