रुग्णाचे बोलणे पुरे होऊ द्या

महोदय,

नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत गडचिरोली-गोंदियापासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात. ओपीडीत 'काय होते?' असे विचारले जाते आणि उत्तर पुरे व्हायच्या आत दुसरा प्रश्न येतो. गर्दीमुळे वेळ नसतो, हे कारण मला पूर्ण पटत नाही. अमेरिकेतील १९८४ च्या पाहणीत डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाचे बोलणे तोडताना आढळले. २००२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझलमध्ये रुग्णांना न अडवता बोलू दिले, तेव्हा त्यांचे सांगणे सरासरी ९२ सेकंदांत संपले.

आपल्याकडे तर या सांगण्यातच अर्धे निदान असते. कळ लाटेसारखी येते-जाते, तिथे मुतखडा किंवा आतडे आठवावे. ठणका म्हटले की पू धरला का ते पाहावे. पायाला मुंग्या, तळव्यांची आग म्हटले की साखर तपासावी. छातीवर कोणी बसल्यासारखे वाटत असेल तर आधी ईसीजी. केसपेपरवर मात्र या सगळ्यांचे एकच 'पेन' (दुखणे) होते. शिवाय 'चटका बसला, पण कळलेच नाही' हे बधिरपणा सांगणारे महत्त्वाचे वाक्य रुग्ण बरेचदा उठता उठता बोलतो.

औषध सांगतानाही हेच. संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. बाकीच्या गोळ्या रोजच्या, म्हणून हीही रोज घेतली जाते. मग तोंड येते, पांढऱ्या पेशी घटतात, जिवावर बेतते. चिठ्ठीवर मराठीत 'फक्त रविवारी' असा वारच लिहावा. इन्सुलिनच्या ४० च्या (दर मिलीला ४० युनिट) बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते, १०० च्या बाटलीला नारिंगी. १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर अंगात ५० युनिट जातात! बाटली आणि सिरिंज दोन्ही रुग्णाच्या हातात देऊन त्याच्याकडूनच भरून घ्यावे.

'समजले ना?' याला सगळेच मान डोलावतात. त्याऐवजी 'घरी गेल्यावर कसे घ्याल, मला सांगा बरं' असे विचारावे. चुकले तर रुग्णावर न डाफरता वेगळ्या शब्दांत सांगावे आणि पुन्हा वदवून घ्यावे. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद हा विषय आहेच. डॉक्टरांना सवड नसेल तर औषधाच्या खिडकीशेजारी एक टेबल मांडून, झाडीबोली आणि हिंदी समजणारा फार्मासिस्ट किंवा परिचारिका बसवावी. निदान इन्सुलिन आणि मेथोट्रेक्सेटचे रुग्ण तिथे थांबल्याशिवाय घरी जाऊ नयेत.

— औषधनिर्माण क्षेत्रातील एक वाचक, धंतोली, नागपूर